मळ्यात नेटसाठी डोंगल घ्यावं की सिमचा राऊटर?

प्रश्न (केळीबाग_यावल): मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत नेट हवंय. दोन फोन, एक सीसीटीव्ही कॅमेरा. काय घेऊ, प्लॅन कोणता?

सातपुडा_नेट: भाऊ, आधी सिग्नल मोजा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस. तिथे सिग्नलच्या ताकदीचा उणे आकडा (डीबीएम) दिसतो. उणे ९५ पर्यंत चांगला, उणे ११० च्या खाली (उणे ११५, १२०) गेला तर व्हिडिओ अडखळणारच. दांड्यांवर जाऊ नका. खोलीत आणि ओट्यावर दोन्हीकडे मोजा, पत्रा सिग्नल अडवतो. ज्या कंपनीचा आकडा बरा, तिचंच सिम. बाग वाढली की पुन्हा बघा, केळीच्या पानांतलं पाणी सिग्नल खातं.

धुळेकर४जी: डोंगल, म्हणजे बॅटरीवरचा पॉकेट हॉटस्पॉट, घेऊ नका. मे महिन्यात पत्र्याखाली, सतत चार्जिंगवर, बॅटरी फुगते. बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला सिमचा राऊटर घ्या. अँटेना पाइपवर छताच्या वर, वायर मात्र ५ मीटरच्या आत. लांब वायरीत कमावलेलं सगळं जातं. लोडशेडिंगला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, पण अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर जुळवूनच.

सातपुडा_नेट: प्लॅनचं गणित कॅमेऱ्यावर. १ एमबीपीएसचा कॅमेरा सतत ऑनलाइन ठेवला तर तासाला ४५० एमबी, दिवसाला जवळपास ११ जीबी. रोज २ जीबीचा प्लॅन पहाटेच आटोपेल! रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर, नेट फक्त बघायच्या वेळी. मग २ जीबी पुरे.