चुकाही वाटून घेतल्या जातात
अनुभवी डेटाबेस प्रशासक इतरांच्या प्रश्नांना उत्तरे देतात, पण स्वतःच्या चुका सांगत नाहीत, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअरचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याकडून दुय्यम (प्रत ठेवणारा) सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील पोस्टग्रेस या डेटाबेसची डेटा डिरेक्टरी (माहिती साठवणारा फोल्डर) पुसली गेली, तेव्हा कंपनीने दुरुस्तीच्या नोंदी चालू कामातच सर्वांसाठी खुल्या केल्या. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि पीजी-डम्प हे बॅकअप काढणारे साधन मात्र ९.२ चे, त्यामुळे बॅकअप निघतच नव्हता आणि तसे कळवणारे ईमेलही पोचत नव्हते, हे त्या खुल्या नोंदींमुळेच इतरांना समजले. समव्यावसायिकांनी धीरच दिला. तेव्हापासून मी दरमहा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून (म्हणजे त्यातून डेटाबेस पुन्हा उभा करून), मोठ्या तक्त्यांतील ओळी मोजून पाहतो.