मदत हवी आहे: आजोबांच्या तसबिरीतल्या शिडाच्या जहाजांचा अर्थ काय?

माजघर (धागाकर्ता): खामगावजवळच्या गावातलं आमचं जुनं घर पाडायला काढलंय. त्यात आजोबांच्या वेळची छापील तसबीर निघाली. मागे शिडाची जहाजं आहेत. काका म्हणतात, जहाज म्हणजे लक्ष्मी घराबाहेर जाते, टाकून दे. आजोबा ती रोज धोतराच्या सोग्यानं पुसायचे, मला टाकायची नाही. अर्थ सांगा. सोमवारी ट्रॅक्टर येतोय, लवकर.

वऱ्हाडी_गडी: अहो भाऊ, तसबीर कोणाची ते तर सांगा! महाराजांची असली तर मागं आरमार असणारच. सिंधुदुर्गाचं काम १६६४ ला सुरू झालं.

माजघर: बाई आहे, गोरी. गळ्याभोवती पांढऱ्या झालरीची मोठी चकती, अंगभर मोती.

कापूसवाला: मग व्हिक्टोरिया राणी. जहाजं म्हणजे आपला कापूस. खामगावातून मुंबई, तिथून मँचेस्टर.

इतिहासवेडी: नाही दादा, अशी झालर व्हिक्टोरियाच्या काळात कोणी घालत नव्हतं. माजघर, हात कशावर आहे? जहाजं एकीकडे की दोन्हीकडे?

वास्तुमित्र: जहाजाचं तोंड घरात हवं. ईशान्येला लावा.

माजघर: दिशा नाही विचारली हो. हात पृथ्वीच्या गोलावर. मागे दोन खिडक्या. डावीकडे जहाजं सरळ उभी, उजवीकडे अंधार, लाटा, जहाजं कलंडलेली.

इतिहासवेडी: पहिली एलिझाबेथ! १५८८ मध्ये स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून गेलं, त्या विजयाचं चित्र. डावीकडे इंग्रजांचं आरमार, उजवीकडे वादळात खडकांवर आदळणारं स्पेनचं. राणीची पाठ वादळाकडे, तोंड उजेडाकडे. मोती म्हणजे तिचं कौमार्य, गोलावरचा हात म्हणजे दूरच्या मुलखांवरचा दावा. लक्ष्मीचा संबंधच नाही.

कापूसवाला: ईस्ट इंडिया कंपनीला सनद हिनंच दिली ना, १६०० ला? मग कापूस आलाच.

इतिहासवेडी: सनद चित्रानंतरची. चित्रकाराला ती कशी ठाऊक असेल?

वऱ्हाडी_गडी: ते राहू द्या, चौकटीला मागून वाळवी पाहा आधी.

माजघर: आहे, खालच्या कोपऱ्यात. काकांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे बुडतात ती शत्रूचीच न?" आता ठेव म्हणतात. पण राणीच्या बाहीपाशी कागद काचेला चिकटलाय. कसा सोडवू?

इतिहासवेडी: ओढू नका! मोत्यांची शाई काचेवरच राहील. फक्त चौकट काढा, काच आणि कागद एकत्रच राहू द्या.