गुलालाचे ढीग? अर्धंच खरं

कुणीतरी लिहिलंय की शिल्पकार अनिश कपूरची सुरुवातीची शिल्पं म्हणजे मंडईबाहेरचे गुलालाचे ढीग उचलून लंडनच्या दालनात मांडलेत. अर्धं खरं आहे. जन्म मुंबईचा (१९५४), आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) प्रार्थना गाणारे, कलाशिक्षण मात्र लंडनला; १९७९ मधल्या भारतभेटीनंतर या रंगीत शिल्पांची '१००० नेम्स' मालिका सुरू झाली. पण ते ढीग नाहीत. आत घट्ट आकार असतो, रंगाची पूड फक्त वरून.

सैल कोरडी पूड एका मर्यादेपेक्षा उभ्या उतारावर टिकत नाही, घसरते. कपूरचे सुळके त्याहून बरेच उभे.

असं शिल्प करून बघायचं तर १ लिटर पाण्यात सुमारे दीड किलो प्लास्टर ऑफ पॅरिस चाळून टाका, मिनिटभर भिजू द्या, मग हळू ढवळा. ओतलेला आकार आठवडाभर तरी वाळवा. पुण्याच्या पावसाळ्यात हे करूच नका. आत ओल राहिली की ती पुडीत चढते आणि काळपट डाग पडतात. वाळल्यावर पातळ फेविकॉलचा हात, तो चिकट असतानाच मलमलीतून पूड चाळायची, शेवटचा थर कोरडा. पूड म्हणून गेरू किंवा पिवडी (पिवळी माती) चालेल. बाजारी गुलाल बहुधा स्टार्चचा, त्याच्या गुठळ्या होतात आणि उजेडात तो विटतोही. तोंडाला मास्क हवाच.

फरशीवर सांडलेली कड मात्र झाडू नका. तिच्यामुळेच उरलेला आकार जमिनीखाली दडलाय असं वाटतं. झाडली की उरतो नुसता रंगवलेला ठोकळा.