एकट्याचा कोरस

ड्रमर सोडून गेला, बँड संपला, आता एकट्याने गाणी करणं म्हणजे निव्वळ नाइलाज, असं तुम्ही लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. अमेरिकन गायक जस्टिन व्हर्ननचंच बघा. विस्कॉन्सिन राज्यातल्या ओ क्लेअरचा तो आणि त्याचे मित्र 'डियारमंड एडिसन' हा बँड घेऊन नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले शहरात गेले आणि २००६ मध्ये बँड फुटला. बाकीच्या तिघांनी 'मेगाफॉन' हा नवा बँड काढला. व्हर्नन मात्र आजारपणातून उठलेला, त्यात प्रेमही तुटलेलं, असा वडिलांच्या जंगलातल्या केबिनमध्ये हिवाळाभर जाऊन राहिला.

जवळ एक एसएम ५७ हा साधासा माइक, जुनी गिटार आणि जुजबी सामान. साथीला कुणी नाही, म्हणून स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून थरावर थर चढवत गेला, तोही नेहमीचा भारदस्त नव्हे, उंच फॉल्सेटो, म्हणजे बारीक केलेला वरच्या पट्टीतला आवाज! हेडफोन लावून ऐका: शब्दांच्या कडा एकमेकींना किंचित हुकतात आणि एकट्या माणसाचा अख्खा कोरस होतो. मला तिथे दर वेळी भरून येतं. २००७ मध्ये 'बॉन इव्हेर' या नावाने त्याने या गाण्यांच्या अल्बमच्या स्वतःच जेमतेम ५०० सीडी काढल्या. पुढच्याच वर्षी जॅगजॅग्वार लेबलने तो अल्बम आणला.

ड्रमरची वाट बघू नका. आहे त्या माइकवर आज रात्रीच पहिला ट्रॅक घ्या आणि इथे ऐकवा.