प्युपिल प्रीमियम: पैसा मुलाच्या नावावर येतो, मग खर्च कुणावर व्हावा?

नदीकाठ (धागाकर्ती)

इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, मराठी घरांत शाळेचा विषय निघाला की तो कॅचमेंट (शाळेची प्रवेशाची हद्द), ग्रामर स्कूल (परीक्षा घेऊन प्रवेश देणारी शाळा) आणि शिकवण्यांपाशी येऊन थांबतो. प्युपिल प्रीमियमवर कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. मी एका सरकारी प्राथमिक शाळेत तीन वर्षं पालक-गव्हर्नर (शाळेच्या कारभार मंडळावरची पालक प्रतिनिधी) आहे आणि या पैशाचा हिशेब दर टर्मला माझ्यासमोर येतो. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एप्रिल २०११ मध्ये त्या वेळच्या आघाडी सरकारने ही योजना आणली. गरीब घरातल्या मुलामागे शाळेला जादा पैसे. सुरुवात ४८८ पौंडांपासून झाली. २०२५-२६ मध्ये प्राथमिकच्या मुलामागे वर्षाला १,५१५ पौंड मिळतात, माध्यमिकच्या मुलामागे १,०७५. लहान वयात हात दिला तर पुढे कमी द्यावा लागतो, म्हणून प्राथमिकला जास्त. उत्पन्नाच्या निकषावर गेल्या सहा वर्षांत कधीही फ्री स्कूल मील्स (शाळेत मोफत जेवण) मिळालेलं मूल यात धरतात.

आता माझं म्हणणं. हा पैसा ज्यांच्या नावावर येतो त्यांच्यासाठी वेगळा ठेवला पाहिजे आणि त्याचा माग लागला पाहिजे. नियमानुसार शाळेला तो एकेका मुलावर खर्च करावा लागत नाही, यादीबाहेरच्या गरजू मुलांसाठीही वापरता येतो. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एक स्ट्रॅटेजी स्टेटमेंट प्रसिद्ध करायचं असतं. आमच्या स्टेटमेंटमध्ये "वाचनासाठी लहान गट" असं लिहिलं होतं. मी फेब्रुवारीत सहज विचारलं, गट कसा चाललाय? तेव्हा कळलं की ऑक्टोबरनंतर तो भरलेलाच नाही. जी टीए (टीचिंग असिस्टंट, वर्गातली मदतनीस) तो घेणार होती ती गैरहजर शिक्षकांचे वर्ग सांभाळत होती. लबाडी कुणीच केली नव्हती. अंदाजपत्रकात भोक पडलं होतं आणि हाताशी असलेला पैसा त्यात गेला. पण ज्या मुलांच्या नावावर तो आला, त्यांचे पालक हे कधी विचारणार? त्यांना असा पैसा येतो हेच माहीत नसतं.

आणि निकाल बघा. सहावीअखेर वाचन, लेखन, गणित या तिन्हींत अपेक्षित पातळी गाठणारी मुलं: २०१९ मध्ये वंचित गटात ५१ टक्के, बाकीच्यांत ७१. कोविडनंतर २०२३ मध्ये ४४ आणि ६६. इतकी वर्षं पैसा देऊन अंतर वीस टक्क्यांच्या खाली येत नसेल, तर तो पोचतोय कुठे हे विचारायला हवं.

---

गणिताची बाई

मी चौथीला शिकवते, त्यामुळे स्पष्ट बोलते. तुमची तळमळ पटते. उपाय पटत नाही.

आधी आकडा मांडू. २१० मुलांची शाळा, त्यात ४० मुलं प्रीमियमची. ६०,६०० पौंड झाले. पेन्शन आणि नॅशनल इन्शुरन्स धरून जेमतेम एक अनुभवी शिक्षक, की पैसे संपले. सात वर्गांत विखुरलेल्या ४० मुलांना या एका माणसाने काय काय द्यायचं? आणि २०१५-१६ ते २०१९-२० ही पाच वर्षं प्राथमिकचा दर १,३२० वरच होता. पगार आणि महागाई तर थांबली नव्हती.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. पैसा वेगळा ठेवला की मूलही वेगळं काढलं जातं. माझ्या वर्गातला एक मुलगा वर्षभर दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी फोनिक्सच्या (अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकण्याच्या) गटासाठी बाहेर जायचा. नेमका विज्ञानाच्या तासाला. त्याचं वाचन थोडं सुधारलं, नाही असं नाही. पण एकदा वर्गात विद्युत मंडलाचा प्रयोग चालू होता, तार जोडली की दिवा लागत होता, आणि तो दारात उभा राहून बघत होता. जायची वेळ झाली होती. "मिस, मी आज नाही गेलो तर चालेल का?" असं विचारलं त्याने. मी त्याला पाठवलं, कारण कागदावर तसं होतं. ते चुकलं असं मला आजही वाटतं.

मूल आठवड्यातले बहुतेक तास वर्गशिक्षकासमोर असतं. शिक्षक चांगला असेल तर सगळ्यात जास्त फायदा गरीब मुलालाच होतो, कारण त्याला घरी दुसरा शिक्षक नसतो. एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन ही शिक्षणात काय उपयोगी पडतं याचा अभ्यास करणारी संस्थाही शाळांना हाच क्रम सांगतं: आधी वर्गातलं शिकवणं, मग ठरावीक मुलांना जादा मदत, मग हजेरी, नाश्ता, सहली वगैरे. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च झाला तर तो प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहिता येत नाही. म्हणून तो त्या मुलासाठी झाला नाही असं म्हणायचं का?

अंतराचा दोष शाळेच्या हिशेबावर टाकू नका. ओलसर घरात राहणारं, महिन्यातून चार दिवस खोकल्याने घरी असणारं मूल १,५१५ पौंडांत बरं होत नाही.

---

पाऊसवेडी

मी टीए आहे, आठ वर्षं. बाई, तुमचा मंगळवार-गुरुवारचा किस्सा वाचून गलबलून आलं, कारण दाराच्या पलीकडे मुलाची वाट बघत मीच उभी असते.

पण मी नदीकाठच्या बाजूने आहे. टीए नुसती वर्गात बसवली तर मुलांचा फायदा होत नाही, हे २००९ च्या मोठ्या अभ्यासातच आलं होतं. टीएची मदत जास्त मिळालेल्या मुलांची प्रगती उलट कमी दिसली. वाईट वाटायचं ऐकून. आता कळतं का ते. आम्हाला मुलाशेजारी बसवायचे, तयारीला वेळ नाही, प्रशिक्षण नाही, मग आम्ही मुलाचं काम त्याच्या वतीने करून टाकायचो आणि शिक्षक त्याच्याकडे कमी बघायचे.

तेच काम नीट बांधून दिलं की चित्र बदलतं. मी रिसेप्शनच्या (पहिलीच्या आधीच्या वर्गाच्या) मुलांसाठी नेली घेते, भाषेचा वीस आठवड्यांचा कार्यक्रम. तीन-चार मुलं, ठरलेले शब्द, ठरलेल्या गोष्टी, रोज तीच वेळ. एक मुलगी आली तेव्हा बोटाने दाखवून मागायची. मार्चमध्ये तिने मला सांगितलं की तिच्या भावाचा दात "वॉब्ली" आहे, आणि तो कसा हलतो हेही करून दाखवलं. हे व्हायला ती वेळ कुणी हिरावून घेता कामा नये. आणि शाळेत सगळ्यात आधी हिरावली जाते ती टीएचीच वेळ. कुणी आजारी पडलं, गेली नेली. कुणी सहलीला गेलं, गेली नेली. पैसा वेगळा बांधला नाही तर माझा तास कसा वाचणार ते सांगा.

---

रात्रपाळी

वरच्या तिघींनाही एक प्रश्न आहे. यादीत कोण येतं ते कधी पाहिलंय का?

फ्री स्कूल मील्ससाठी, आणि म्हणून या यादीसाठी, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत) घेणाऱ्या घराची कर वजा जाता कमाई वर्षाला ७,४०० पौंडांच्या आत हवी. ही मर्यादा एप्रिल २०१८ पासून तिथेच आहे. एप्रिल २०२५ पासून किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. म्हणजे आठवड्याला फक्त बारा तास काम केलं की तुम्ही बाहेर. मी गोदामात रात्रपाळी करतो, बायको सकाळी सफाईचं काम करते. आम्ही युनिव्हर्सल क्रेडिट घेतो, भाडं भरून हातात काही राहत नाही, आणि सरकारच्या लेखी माझा मुलगा वंचित नाही. त्याच्या वर्गात लहान गट निघाला तेव्हा शिक्षिकेने मला दोनदा सांगितलं की त्यालाही गरज आहे, पण जागा यादीतल्या मुलांनाच.

तुम्ही पैसा आणखी घट्ट बांधायला सांगताय. मग माझ्या मुलाला ते दार कायमचं बंद. मी बाईंच्या बाजूने आहे. वर्गात ज्याला वाचता येत नाही त्याला मदत द्या, बापाची पगारपावती मागू नका.

---

उत्तरायण

थोडक्यात लिहितो. वेगळी योजना हवीच कशाला? नॅशनल फंडिंग फॉर्म्युल्यात (शाळांचं मूळ अनुदान ठरवणाऱ्या सूत्रात) फ्री स्कूल मील्स घेणारी मुलं आणि वंचित वस्ती यांसाठी आधीच जादा पैसे धरलेले असतात. प्रीमियम त्यावरचा दुसरा थर आहे. दोन्ही एकत्र करून मूळ अनुदानातच द्या आणि मुख्याध्यापकांवर विश्वास ठेवा. स्टेटमेंट लिहिण्यात जाणारे तास तरी वाचतील.

---

नदीकाठ

@उत्तरायण, इथे मात्र ठाम असहमत. फॉर्म्युल्यातले ते पैसे तुमच्या शाळेत कशावर गेले, कुणी सांगू शकेल? गव्हर्नर असून मलाही सांगता येणार नाही. प्रीमियमचं निदान एक नाव आहे, म्हणून फेब्रुवारीत मी प्रश्न तरी विचारू शकले. नाव पुसलं की प्रश्नही पुसला जाईल.

@रात्रपाळी, तुमच्या शाळेने तुम्हाला चुकीचं सांगितलं. यादीबाहेरच्या गरजू मुलाला त्या गटात घ्यायला नियमाची आडकाठी नाही. हे मीच वर लिहिलं आणि त्याचा अर्थ तुमच्या प्रतिसादापर्यंत मला पुरता कळला नव्हता. मी ज्याला पळवाट समजत होते ती तुमच्या मुलाची वाट आहे. तेव्हा "फक्त यादीतल्यांसाठीच" हा हट्ट मी सोडते. सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या सगळ्या घरांतल्या मुलांना मोफत जेवण देण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली आहे, ते तुम्हाला लागू होईल. पण जेवणाबरोबर प्रीमियमही तितकाच वाढेल असं धरून चालू नका.

@गणिताची बाई, विज्ञानाच्या तासाला मूल बाहेर काढणं चूकच. पण तो वेळापत्रकाचा दोष झाला. पाऊसवेडी सांगतात तो तास वाचवायचा असेल तर तो कुठेतरी बांधून ठेवावाच लागेल, आणि पैसा मोकळा सोडून तो वाचलेला मी तरी पाहिला नाही.

---

गणिताची बाई

तो तास बांधा, मला मान्य. पैसा नको बांधायला. हा शब्दांचा खेळ नाही. तास बांधला तर आजारी शिक्षकाच्या जागी बदली माणूस आणायची जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. पैसा बांधला तर त्या रकान्यात काहीतरी दाखवलं की झालं. बदली शिक्षकाचे पैसे मात्र कुठून आणायचे, याचं उत्तर या धाग्यात अजून कुणी दिलेलं नाही. माझ्याकडेही नाही.

---

नवीच आलेली

मी वर्षभरापूर्वी आले. मुलगी रिसेप्शनमध्ये आहे. तिला जेवण तसंही फुकट मिळतं, मग फ्री स्कूल मील्सचा फॉर्म भरायचा का? आमच्या व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत ही अट) आहे, अर्ज केला तर पुढे त्रास होईल अशी भीती वाटते.

---

नदीकाठ

भरा, आणि लवकर भरा. रिसेप्शन ते दुसरीपर्यंत सगळ्यांनाच जेवण मिळतं (२०१४ पासून), लंडनच्या सरकारी शाळांत तर २०२३ पासून सहावीपर्यंत. त्यामुळे पालकांना फॉर्मची गरज वाटत नाही आणि शाळेचे १,५१५ पौंड जातात. काही कौन्सिल आपल्याकडच्या नोंदींवरून पात्र मुलांची नावं आपणच घालतात. सगळीकडे तसंच व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे.

नो रिकोर्सवाल्या घरांनाही उत्पन्नाची मर्यादा पाळून फ्री स्कूल मील्स मिळू शकतात. ते सार्वजनिक निधीत धरत नाहीत, व्हिसाला धोका नाही. तुमची मर्यादा आणि लागणारे कागद शाळेच्या ऑफिसात विचारा. शाळेचा पैसा ऑक्टोबरमधल्या शाळेच्या पटाच्या नोंदीवरून (स्कूल सेन्सस) ठरतो, साधारण महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. त्याआधी नाव लागलं नाही तर पैसा पुढच्या वर्षावर जातो. ऑफिसात एकटीने जायला अवघड वाटत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, फॉर्म आपण दोघी मिळून भरू.

---

पाऊसवेडी

नवीच आलेली, मुलगी बोलायला लाजत असेल तर वर्गशिक्षिकेला नेलीबद्दलही विचारा. त्यासाठी यादीत नाव असावं लागत नाही.