पॅकिंग मशीनचा व्हिडिओ: एकाच शूटमधून वेबसाइट, प्रदर्शन आणि मोबाइल, सगळं भागेल का?

मशीन_विक्री
आमची कंपनी पाउच पॅकिंग मशीन बनवते. आजवर मोबाइलवर काढलेल्या क्लिप पाठवत आलो, आता व्यावसायिक टीमकडून नीट व्हिडिओ करून घ्यायचा आहे. तो वेबसाइटवर लागेल, प्रदर्शनात स्टॉलच्या टीव्हीवर चालेल, विक्री प्रतिनिधी ग्राहकाला मोबाइलवर दाखवतील, लिंक्डइन-इन्स्टाग्रामवर जाईल, शिवाय मशीन बसवल्यावर ऑपरेटरला शिकवायलाही वापरायचा विचार आहे.

तीन कोटेशन आली आहेत. पहिल्यात २ दिवस शूट, ड्रोनसह ३ मिनिटांची फिल्म. दुसऱ्यात १ दिवस शूट आणि ४ व्हिडिओ. तिसऱ्यात नुसती एकूण रक्कम. यांची तुलना करायची कशी? संचालकांना सुरुवातीला स्वतःचं मनोगत हवं आहे. शॉपफ्लोअरवर कॉम्प्रेसर दिवसभर चालू असतो, तो बंद करणं अवघड आहे. आधी काय ठरवावं आणि काय लिहून घ्यावं?

आधी_स्क्रिप्ट
कोटेशन बाजूला ठेवा. तुम्ही पाच वापर लिहिलेत, पण माणसं तीन आहेत: तुम्हाला न ओळखणारा, तुमची दुसऱ्यांशी तुलना करणारा आणि मशीन विकत घेऊन झालेला ऑपरेटर. तिघांना एकाच फिल्ममध्ये बसवलं की ती कोणाचीच होत नाही. शूट एकत्र होऊ शकतं, फिल्म नाही.

प्रत्येक व्हिडिओसाठी चार गोष्टी एका ओळीत लिहा: कोण पाहणार, कुठे, आवाज चालू असेल की बंद, आणि पाहून झाल्यावर त्याने काय करायचं. ही ओळ लिहिली की निम्मे वाद आपोआप मिटतात. प्रदर्शनाचंच घ्या. माणूस दोन-तीन मीटरवरून चालत जाताना बघतो, गोंगाटात आवाज ऐकूच येत नाही, आणि तो फिल्मच्या मध्येच येऊन उभा राहतो. म्हणजे तिथे निवेदन वाया, सुरुवात-शेवट वाया. मोठ्या अक्षरात एका वेळी चार-पाच शब्द, आणि दर १५-२० सेकंदांत एक मुद्दा पुरा होईल असा लूप हवा. वेबसाइटची फिल्म तशीच्या तशी टीव्हीवर लावली की लोक थांबत नाहीत, त्याचं कारण हेच.

वेबसाइटसाठी ९० सेकंद धरा. मराठी निवेदन ऐकायला सुखाचं वाटतं ते मिनिटाला ११०-१२० शब्दांच्या वेगाने, म्हणजे ९० सेकंदांत जास्तीत जास्त १८०. चित्राला श्वास हवा म्हणून १५० वरच थांबा. स्क्रिप्ट दोन रकान्यांत लिहा: डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. उजवीकडे वाक्य आहे आणि डावीकडे काहीच सुचत नाही, तर ते वाक्य व्हिडिओचं नाही, ब्रोशरचं आहे. ‘अत्याधुनिक तंत्रज्ञानाने सुसज्ज’ हे दाखवणार कसं? ‘पॅकिंग फिल्मचा रोल बदलायला मशीन किती वेळ थांबतं’ हे दाखवता येतं: कोपऱ्यात घड्याळ, एक ऑपरेटर, न तोडलेला एकच शॉट. घेणाऱ्याला विचारायचं असतं तेही हेच.

पहिल्या पाच सेकंदांत लोगो फिरवू नका. सील होऊन पडणारा पाउच दाखवा, लोगो शेवटी येऊ द्या. संचालकांचं मनोगत जरूर घ्या, पण त्याची वेगळी फिल्म करा. ती ‘आमच्याविषयी’ पानावर शोभेल. मुख्य फिल्ममध्ये त्यांचं एकच वाक्य ठेवा, आणि ते दुसरं कोणी बोलू शकणार नाही असं हवं: विक्रीनंतरच्या सेवेची हमी, सुट्या भागांची हमी.

आता कोटेशन. तिघांनाही एकच ब्रीफ (काय हवं आहे त्याची लेखी माहिती) पाठवा आणि रक्कम फोडून मागा: स्क्रिप्ट कोण लिहिणार, शूटला माणसं किती आणि तास किती, संकलनाचे दिवस, दुरुस्तीच्या फेऱ्या, निवेदकाचा आवाज, संगीताचा परवाना, सबटायटल, आणि हातात येणाऱ्या फाइल. ड्रोनने कारखान्याचं छप्पर दिसतं, पाउच दाबून चिकटवणारा सीलिंग जॉ दिसत नाही. तो दिवस क्लोज-अपला द्या.

फोकस_पुलर
ब्रीफबद्दल वर आलंच आहे, मी शॉपफ्लोअरपुरतं लिहितो.

शूटच्या आधी कॅमेरामनने एकदा जागेवर यायलाच हवं, तेही शूट ज्या वेळेला होणार त्याच वेळेला. छतावरचे एलईडी आणि ट्यूब कॅमेऱ्यात लुकलुकतात. वीज ५० हर्ट्‌झची असेल तर दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की लुकलुक जाते. २४ फ्रेम आणि १/४८ वर ती हळूहळू सरकत राहते, आणि छोट्या मॉनिटरवर चटकन लक्षात येत नाही. स्लो मोशन हवं असेल (पाउच कापला जातानाचा शॉट १०० फ्रेमला घेऊन २५ ने चालवला की चौपट संथ होतो), तर छताचे दिवे बंद करून फ्लिकर-फ्री एलईडी लावा. शटरचा वेळ घटतो, त्यामुळे उजेड बराच जास्त लागतो. मशीनच्या टचस्क्रीनवर पट्टे येतात ते याहून वेगळं दुखणं आहे. त्यासाठी कॅमेऱ्यात शटर बारीक-बारीक बदलायची सोय असावी लागते. ती नसेल तर स्क्रीनचे शॉट शेवटी वेगळे घ्या.

स्टेनलेस स्टीलवरची चमक पोलराइझर फिल्टरने जाईल असं पुष्कळजण समजतात. उघड्या धातूवर तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण धातूवरून परतलेला प्रकाश फारसा ध्रुवीकृत (एकाच दिशेत कंप पावणारा) होत नसतो. तिथे दिव्यापुढे मोठं पांढरं कापड ताणून त्याचंच प्रतिबिंब पत्र्यावर पडू द्यायचं, आणि कडा उठून दिसाव्यात म्हणून एका बाजूला काळं कापड धरायचं. अ‍ॅक्रिलिकच्या गार्डवर (मशीनच्या पारदर्शक संरक्षक झाकणावर) मात्र पोलराइझर उत्तम चालतो, पण कॅमेऱ्याची नजर गार्डच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा कोन करेल इतका कॅमेरा तिरका हवा. समोरासमोर धरलात तर फिल्टर कितीही फिरवा, आत कॅमेराच दिसणार.

आणि कळकळीने सांगतो, शॉट चांगला यावा म्हणून गार्ड काढून, इंटरलॉक (गार्ड उघडलं की मशीन थांबवणारी सोय) बायपास करून मशीन चालवू नका. ऑपरेटरचे हात आत असतात. शिवाय घेणाऱ्या कंपनीचा सुरक्षा अधिकारी पहिल्यांदा तेवढंच पाहतो. गार्डच्या आतलं दाखवायचंच असेल तर बंद मशीनवर कॅमेरा आत बसवून घट्ट बांधा, गार्ड लावा, मग चालू करा.

उभ्या व्हिडिओबद्दल. ४के म्हणजे ३८४० × २१६० मधून ९:१६ चा तुकडा कापला तर १२१५ × २१६० मिळतो, मोबाइलच्या १०८० × १९२० ला पुरतो. पण तुमच्या मशीनवर पॅकिंगची फिल्म आडवी धावत असेल तर उभ्या चौकटीत तिचा मधला तुकडा तेवढा उरतो आणि काय चाललंय ते कळत नाही. रोल, फॉर्मिंग, सीलिंग, पाउच पडणं हे चार-पाच शॉट कॅमेरा उभा करून वेगळे घ्या. शॉटलिस्टमध्येच लिहून ठेवा, दिवसाच्या शेवटी कोणाला आठवत नाही.

स्वच्छ_आवाज
कॉम्प्रेसरचा प्रश्न तसाच राहिला. कॅमेऱ्यावरच्या माइकवर मनोगत घेऊ नका, आणि ‘नंतर सॉफ्टवेअरने साफ करू’ यावरही विसंबू नका. सतत येणारी गुणगुण काढता येते, पण तिच्यासोबत आवाजाची धारही जाते. माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटू लागतं.

मुलाखत शॉपफ्लोअरवर नको, ऑफिसात घ्या. पडदे, कापडी खुर्च्या असलेली खोली निवडा. काचेच्या केबिनमध्ये आवाज घुमतो. एसी, पंखा बंद. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर, जिथे गळ्यातली साखळी किंवा ओळखपत्र घासणार नाही असा. सोबत दुसरा माइक वरून, चौकटीच्या जरा बाहेर. एक बिघडला तर दुसरा वाचवतो. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, बोलण्याची शिखरं −१२ डेसिबलच्या आसपास. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्याच खोलीतली ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. वाक्य कापून जोडताना मध्ये तीच भरावी लागते, नाहीतर प्रत्येक जोड कानाला लागतो.

मशीनचा आवाज मात्र वेगळा आणि जवळून घ्या: जॉ मिटतानाचा, हवेचा, पाउच ट्रेमध्ये पडतानाचा. कॉम्प्रेसरच्या टाकीत दाब भरलेला असताना तो पाच मिनिटं बंद ठेवता आला तरी पुरतं. दाब किती वेळ टिकतो ते देखभालवाल्यांना आदल्या दिवशी विचारा. या आवाजांनी मशीन जिवंत वाटतं. नुसतं संगीत चढवलेल्या फिल्ममध्ये ती जान येत नाही.

मशीन_विक्री
खूप उपयोगी पडलं सगळं. गार्डचा मुद्दा लगेच उत्पादन विभागाला कळवतो. आता संकलनाच्या बाजूचं सांगा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही आवृत्त्या हव्या आहेत. आणि नंतर एखादा मजकूर बदलायचा झाला तर पुन्हा त्याच टीमकडे जावं लागेल का?

टाइमलाइन_दोन
योग्य फाइल करार होण्याआधी मागितल्या तर जावं लागणार नाही. नंतर मागितल्या तर प्रोजेक्ट उघडून, सगळं शोधून पुन्हा रेंडर करायचं (अंतिम फाइल बनवायचं) काम पडतं आणि त्याचं वेगळं बिल येतं.

मागायच्या फाइल अशा: अक्षरांसह अंतिम फिल्म; तीच फिल्म अक्षरांशिवाय, ‘टेक्स्टलेस मास्टर’ म्हणून; निवेदन, संगीत आणि मशीनचा आवाज तीन वेगळ्या ट्रॅकवर; प्रत्येक भाषेची एसआरटी, म्हणजे सबटायटलची फाइल. एवढं हातात असलं की पुढच्या वर्षी कोणीही एडिटर चौथी भाषा चढवू शकतो. मास्टर प्रोरेस ४२२ एचक्यू (संकलनासाठीचा उच्च दर्जाचा व्हिडिओ फॉरमॅट) किंवा तशाच दर्जाचा घ्या. ४के, २५ फ्रेमला मिनिटाला साधारण साडेपाच जीबी होतो, म्हणून हार्ड डिस्क तुमची द्या. वेबसाठी एच.२६४ची एमपी४ पुरते, १०८० पिक्सेलला ८-१० एमबीपीएस. कच्चं फुटेज मिळणार का, तेही आत्ताच लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते कोटेशनमध्ये धरलेलंच नसतं.

देवनागरी अक्षरांकडे स्वतः डोळ्यांत तेल घालून बघा. एडिटिंग सॉफ्टवेअरची टेक्स्टची सेटिंग चुकीची असली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. प्रीमियर प्रोच्या अनेक आवृत्त्यांत ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. ते निवडून मगच टायटल करायला घ्यावीत. एडिटरला चाचणीसाठी चार शब्द द्या: निर्मिती, दुसऱ्या, ऑपरेटर, अ‍ॅप. हे चारही धड दिसले तर बाकीचं बहुतेक ठीक येतं. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत का, हेही पाहा. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामात बिनघोर वापरता येतात.

भाषांतर शब्दाला शब्द करू नका. एकाच अर्थाचं वाक्य प्रत्येक भाषेत वेगळी लांबी घेतं आणि चित्र ठरलेल्या सेकंदांचंच असतं. तिन्ही स्क्रिप्ट शूटच्या आधी मोठ्याने वाचून घड्याळ लावा. सगळ्यांत लांब आवृत्तीवर चित्र बेता. पडद्यावर माणूस बोलत असेल तिथे डबिंगपेक्षा सबटायटल बरं: दोन ओळींपेक्षा जास्त नको, आणि उभ्या व्हिडिओत अगदी तळाशी नको, कारण तिथे ॲपची बटणं आणि कॅप्शन येतात.

दुरुस्त्या देताना एकाच माणसाने सगळ्यांचं म्हणणं गोळा करून, व्हिडिओतली वेळ लिहून पाठवायचं: ‘०:३४ – डब्याचं लेबल जुनं आहे’. ‘जरा अजून उठावदार करा’ यावर कोणी काही करू शकत नाही. पहिल्या फेरीत फक्त कथेचा क्रम आणि चित्र, ते नक्की झाल्यावरच रंग, संगीत, अक्षरं. उलट केलंत की एक शॉट बदलला तरी मागचं सगळं पुन्हा.

संगीताचा परवाना तुमच्या कंपनीच्या नावावर घ्या आणि त्यात सशुल्क जाहिरात धरली आहे का ते वाचा. नुसत्या वेबसाइटपुरता परवाना असलेलं संगीत जाहिरातीत गेलं की कॉपीराइटचा दावा लागतो.

विक्रीनंतर
९० सेकंदांबद्दल थोडं वेगळं मत आहे. अनोळखी माणसासाठी ते बरोबर. पण ज्याने दर मागवला आहे त्याला न कापलेला, सलग पाच-सहा मिनिटं चाललेला मशीनचा व्हिडिओ हवा असतो. संगीत नको, निवेदन नको. वेग किती, पाउचचा आकार कोणता, पॅकिंग फिल्म कोणती, एवढंच कोपऱ्यात. कट असला की मध्ये मशीन अडकलं होतं का, अशी शंका येते. कॅमेरा ट्रायपॉडवर तयारच असतो, तेव्हा याला शूटमधला अर्धा तासही लागत नाही.

आधी_स्क्रिप्ट
हे मान्य, मी तो प्रेक्षक वर नुसता मोजला आणि सोडून दिला. ऑपरेटरच्या प्रशिक्षणालाही हाच नियम लावा: खऱ्या वेगाने, ऑपरेटरच्या डोळ्यांच्या उंचीवरून, एका कामाला एक व्हिडिओ. ‘रोल बसवणं’ वेगळा, ‘जॉचं तापमान बदलणं’ वेगळा. मग मशीनवरच क्यूआर कोडचं स्टिकर लावता येतं, ज्या भागाचं काम त्या भागाशेजारी. मात्र ही स्टिकर थेट यूट्यूबच्या लिंकवर नेऊ नका, तुमच्या वेबसाइटच्या पत्त्यावर न्या. व्हिडिओ बदलला तर पत्ता तोच ठेवून आतली लिंक बदलता येईल. ग्राहकाच्या कारखान्यातलं स्टिकर बदलायला कोणी जात नाही.