ऑफिसचे दहा जण, एक तास आणि एक बिल

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी घरांचे नंबर)

ए-२०३ : ऑफिसच्या १० जणांचं शुक्रवारी दुपारी बाहेर जेवायला जायचं ठरतंय. सुट्टी १ तास. मधे ठेवून सगळं वाटून खायचं. टेबल सांगून ठेवलं की झालं ना, की अजून काही बघावं लागतं?

सी-५०१ : टेबल हा सगळ्यात सोपा भाग गं. आधी तासाचा हिशोब मांड. जाऊन-येऊन २० मिनिटं, राहिली ४०. दहा जणांनी मेनू चाळून ठरवायला १०, पदार्थ यायला १५ ते २०, बिल आणि पैसे ७. म्हणजे खायला उरतात ३ ते ८ मिनिटं! मेनूचा फोटो आदल्या दिवशी तुमच्या ग्रुपवर टाक आणि ऑर्डर सकाळीच फोनवर दे. पोचायची वेळ गर्दीच्या २० मिनिटं आधीची ठेव. "बसल्यावर ठरवू" म्हटलं की संपलंच.

ए-२०३ : आणि ज्याने त्याने आपापलं मागवलं तर काका?

सी-५०१ : दहा जणांचे दहा प्रकार म्हणजे दहा वेगळी भांडी. स्वयंपाकघरात शेगड्या मोजक्या, आणि शेजारच्या टेबलांच्या ऑर्डरीही त्याच रांगेत. पहिलं ताट येतं आणि दहावं येतं यात पाव तास सहज जातो. एकाचं गार होतं, दुसरा पाणी पीत बसतो. तीनच प्रकार, प्रत्येकाच्या दोन-दोन प्लेटा सांगितल्या तर ते एकाच घाण्यात निघतं. सोबत पोटभरीचं काहीतरी असतंच, त्यामुळे मुख्य पदार्थाची एक प्लेट दोघांना पुरते. ६ प्लेटांत १० माणसं आरामात जेवतात.

एक मात्र आठवणीने सांग. प्रत्येक पदार्थ एका मोठ्या भांड्यात नको, दोन लहान भांड्यांत हवा. एक टेबलाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. नाहीतर भांडं मधल्या चौघांपुढेच फिरतं आणि कडेचे "जरा इकडे द्या" म्हणत राहतात. कमी पडणार असं वाटलं तर अर्धं संपतानाच सांगायचं. तळ दिसल्यावर सांगितलं तर पुन्हा १५ मिनिटं.

बी-१०२ : काका, तुकड्यांचंही सांगा.

सी-५०१ : हो, तीच तर खरी गंमत. सुरुवातीच्या पदार्थाच्या प्लेटीत ६ किंवा ८ तुकडे असतात. ८ च्या दोन प्लेटा, १० माणसं. एकेक घेतला की उरले ६. त्या सहांना कुणी हात लावत नाही, सगळे एकमेकांना आग्रह करतात आणि तुकडे गार होतात. फोनवरच विचार, "प्लेटीत किती येतात?" आणि १० किंवा २० करून माग. दोन-चार तुकडे वाढवायला बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत, पैसे फक्त त्या मानाने वाढतात.

बी-३०१ : प्रत्येक भांड्याला वेगळा वाढायचा चमचा माग. शाकाहारी असतील तर ते आलंच, पण ॲलर्जीसाठी जास्त महत्त्वाचं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला चमच्याला लागलेला अंशही पुरतो, आणि शिजवल्याने तो धोका जात नाही. दहाही जणांना आदल्या दिवशी विचार. टेबलावर सगळ्यांदेखत विचारलं तर माणूस संकोचाने "चालेल" म्हणून टाकतो.

सी-२०२ : बी विंगची लिफ्ट चालू झाली का?

बी-३०१ : झाली. इथे जेवणाचं चाललंय 🙂

डी-४०४ : बसण्याबद्दल माझं मत. लांब टेबलावर १० जणांचं एकच संभाषण कधीच होत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मोकळ्या गप्पांचे गट मोजले, तेव्हा एका संभाषणात साधारण चारच्या वर माणसं टिकत नाहीत असं दिसलं. पाचवा आला की गट फुटायला लागतो. म्हणजे १० जणांच्या तीन गप्पा होणारच, त्यात वाईट वाटून घेऊ नका. फक्त नवा माणूस टोकाला बसवू नका. टोकाला दोनच शेजारी, ते दुसरीकडे वळले की तो मोबाईल काढतो. त्याला मधे बसवा.

ए-२०३ : गोल टेबल मिळालं तर दादा?

डी-४०४ : आठांपर्यंत छान. १० जणांना साधारण १८० सेंटीमीटर व्यासाचं लागतं आणि समोरच्याचं ऐकू येत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. साधं बोलणं एका मीटरवर ६० च्या आसपास, दुपारच्या गर्दीचा गलका त्याच्या वर. मग सगळेच आवाज चढवतात आणि गलका अजून वाढतो. एतियेन लोम्बार्द या फ्रेंच डॉक्टरांनी हे १९११ मध्ये मांडलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. स्वयंपाकघराचं दार आणि स्पीकर यांपासून लांबचा कोपरा माग.

ए-२०३ : आता बिल. सरळ दहाने भागायचं?

बी-१०२ : वाटून खाल्लेलं दहाने, स्वतःचं पेय आणि गोड ज्याचं त्याचं. पण हे ऑर्डर देण्याआधी सांगायचं. २००४ मध्ये ग्नीझी, हारुवी आणि याफे या संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बिल समान वाटायचं आहे हे आधी कळलं की माणसं बरीच महाग ऑर्डर देतात, असं त्यात आढळलं. जास्तीचा खर्च बाकीच्यांत विरघळतो ना. फटका बसतो तो कमी खाणाऱ्याला, आणि तो तोंडावर काही बोलत नाही.

दुसरी चूक हमखास होते. लोक मेनूवरचा आकडा पाठवतात, कर आणि सेवा शुल्क ज्याने बिल भरलं त्याच्या गळ्यात. उपाय सोपा आहे. अंतिम बिल भागिले मेनूची बेरीज, हा गुणक काढ. बेरीज १०००, अंतिम ११२०, तर गुणक १.१२. प्रत्येकाच्या आकड्याला त्याने गुण. एकानेच भरायचं, बिलाचा फोटो टाकायचा आणि नावापुढे रक्कम लिहून त्याच दिवशी पाठवायची. सोमवारवर गेलं की निम्मे विसरतात.

बी-३०१ : उरलेलं बांधून नेणार असाल तर ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात एकूण दोन तासांच्या वर ठेवू नका. बाहेर ३२ च्या वर असेल तर एकच तास. टेबलावर गेलेला वेळही त्यात धरा. भाताबद्दल विशेष सांगते : त्यातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि एकदा विष तयार झालं की पुन्हा गरम करून जात नाही. बाकीचं आतपर्यंत ७५ अंशांपर्यंत तापवा, नुसतं कोमट नको.

ए-२०३ : म्हणजे संध्याकाळपर्यंत डेस्कवर डबा ठेवायचा नाही.

बी-३०१ : अजिबात नाही. फ्रिज नसेल तर मोजूनच मागव.

सी-५०१ : आणि हॉटेलवाल्यांना तुमची निघायची वेळ सांगताना १० मिनिटं आधीची सांग. "आम्हाला पाऊणला निघायचंय" असं म्हण, बिल शेवटचं ताट येतानाच तयार ठेवतात.

ए-२०३ : ठीक काका. उद्या सकाळी फोन करते, पहिला प्रश्न तुकडे किती हाच.